व्यापारी कायद्याचा पहिला पाठ आणि दूरस्थ वर्ग



  वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात व्यापारी कायद्याची जी तोंडओळख करून दिली जाते, ती आता ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या रूपाने, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून, विद्यार्थ्याच्या घरी पोहोचू लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठाच्या द्वारे पुरे करण्यास परवानगी दिल्यापासून हा प्रश्न हौसेचा उरलेला नाही, तो आपल्या रोजच्या कामाचा झाला आहे. या पहिल्या अभ्यासक्रमाची रचना कलमांच्या क्रमाने न करता तंट्यांच्या आधारे करावी, प्रत्येक तंट्यावर विद्यार्थ्याने स्वतःचा सकारण निर्णय लिहावा, आणि तो निर्णय कोणा तरी अध्यापकाने खरोखर वाचावा, असे माझे मत आहे. आणि जेथे हे शेवटले घडणार नसेल तेथे हा अभ्यासक्रम ऑनलाइन करूच नये, असेही मी म्हणतो.

मुंबईत 1913 साली सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून आपल्याकडे व्यापारी कायदा महाविद्यालयीन पातळीवर शिकवला जात आहे. या दीर्घ परंपरेचा मला अभिमान आहे. तथापि कलम वाचावे, त्याचे घटक फळ्यावर लिहून द्यावेत, परीक्षेत विद्यार्थ्याने ते तसेच उतरवावेत, ही जी रीत तिच्यात मुरली, ती कायद्याच्या मूळ रचनाकारांच्या हेतूशी विसंगत होती, असे म्हणणे मला भाग आहे. 1872 चा करार कायदा ज्यांनी रचला, त्यांनी कलमांखाली ठिकठिकाणी उदाहरणे जोडली, ती काही शोभेसाठी नव्हे. सतराव्या कलमाखालची उदाहरणे पाहा. ‘अ’ आपला घोडा लिलावात ‘ब’ला विकतो, घोड्यात खोट आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो त्याविषयी अवाक्षर काढत नाही, कायद्याच्या दृष्टीने हे कपट नव्हे. लगेच पुढच्या उदाहरणात ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली कन्या आहे, आणि तेवढ्या एका फरकाने घोड्यातली खोट सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते. त्याच्याही पुढच्या उदाहरणात ‘ब’ म्हणतो की, तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. ‘अ’ गप्प राहतो, आणि तेथे त्याचे मौन हेच बोलणे मानले जाते. घोडा तोच, खोट तीच, मौनही तेच. नाते आणि प्रसंग बदलताच कायद्याचा निवाडा बदलला. कायद्याची सारी विचारपद्धती या दहाबारा ओळींत साठवलेली आहे, आणि आपण मात्र त्या ओळी ‘उदाहरणे घरी वाचा’ असे सांगून ओलांडत आलो.

दुसरे उदाहरण मी मुद्दाम आपल्याच प्रदेशातले घेतो. जुलै 1959 मध्ये अहमदाबादच्या एका पेढीने आणि वऱ्हाडातील खामगावच्या एका गिरणीने सरकीच्या पेंडीचा सौदा दूरध्वनीवरून केला. माल मिळाला नाही म्हणून पेढीने 31,150 रुपयांचा दावा अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात दाखल केला. आणि खामगावकरांनी तक्रार घेतली की, आमची स्वीकृती आम्ही खामगावात उच्चारली, करार तेथेच पुरा झाला, सबब अहमदाबादच्या न्यायालयास अधिकार नाही. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास या नावाने हा निकाल आपल्या सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. बहुमताने सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, पत्राने पाठवलेल्या स्वीकृतीचा नियम दूरध्वनीस लागू नाही, समोरासमोरच्या बोलण्याप्रमाणेच तेथे स्वीकृती ऐकू येते तेथे करार होतो, म्हणून अहमदाबादचे न्यायालय दावा ऐकू शकते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे स्वतः पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, याहून निराळे मत नोंदवले: करार कायद्याच्या चौथ्या कलमाची भाषा पुरेशी व्यापक आहे, बोलणाऱ्याच्या मुखातून शब्द निघून त्याच्या ताब्याबाहेर गेला की प्रस्ताव करणारा बांधला जातो, म्हणून करार खामगावचा.

आता हा प्रसंग दोन रीतींनी शिकवता येतो. एका रीतीत ध्वनिचित्रफितीतील अध्यापक सांगतो की, दूरध्वनीवरील करार स्वीकृती ऐकू येते तेथे पूर्ण होतो. विद्यार्थी ते वाक्य टिपून घेतो, चार पर्यायांपैकी बरोबर पर्यायावर खूण करतो, आणि पुढे जातो. दुसऱ्या रीतीत फीत हकिकत सांगून थांबते. पेंड आली नाही, पैसे अडकले, आणि खामगावच्या व्यापाऱ्याने अहमदाबादेस खेटे घालायचे की अहमदाबादच्या व्यापाऱ्याने वऱ्हाडात यायचे, एवढाच प्रश्न पडद्यावर उरतो. विद्यार्थ्याने आपला निर्णय कारणांसह लिहून दिल्यावाचून पुढचे पान उघडत नाही. मग त्याला बहुमत दिसते, त्यानंतर भिन्नमत दिसते, आणि आपण ज्या बाजूस झुकलो त्या बाजूस एक थोर न्यायाधीश होते किंवा नव्हते, हे त्याला कळते. त्यानंतर, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तेराव्या कलमाने ई-पत्राच्या बाबतीत उभय पक्षांच्या व्यवसायाच्या ठिकाणास महत्त्व का दिले, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ती गरज त्याने स्वतःच अनुभवलेली असते.

या ठिकाणी ऑनलाइन माध्यमाचे एक खरे सामर्थ्य आहे, आणि त्याचा उच्चार केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ऐंशी-शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रश्न विचारला तर पुढच्या बाकावरील चार धीट मुले बोलतात आणि बाकीचे त्यांच्या उत्तरावर निभावून नेतात. पडद्यावर मात्र जो कधीच हात वर करत नाही, त्यालाही लिहावेच लागते. दिवसा पेढीवर हिशेब लिहिणारा मुलगा किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेली स्त्री रात्री दहा वाजता हा पाठ उघडू शकते, हा लाभ तर उघडच आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 1989 पासून अशाच लोकांपर्यंत मराठी पाठ्यपुस्तके पोहोचवली, आणि दूरस्थ विद्यार्थी कमी प्रतीचा असतो हा समज खोडून काढला. त्या पुस्तकांची शिस्त आपण उचलली पाहिजे.

आपल्या विद्यार्थ्याच्या वयाचाही येथे विचार झाला पाहिजे. प्रथम वर्षात येणारी कित्येक मुले सतरा वर्षांची असतात. 1875 च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे ती अठरा पुरी होईपर्यंत अज्ञान. अभ्यासक्रमात नाव नोंदवताना ‘अटी मान्य आहेत’ या चौकोनावर ती बोट ठेवतात, आणि त्या क्षणी मोहोरीबीबीच्या खटल्याचा सारा प्रश्न त्यांच्याच घरात उभा राहतो. त्या खटल्यात कलकत्त्यातील धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने सावकाराकडे घर गहाण टाकले, सावकाराच्या मुखत्याराला त्याचे वय ठाऊक होते, आणि 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की अज्ञानाचा करार मुळातच शून्य होय. पहिल्या पाठाला याहून उचित आरंभ मला सुचत नाही: तुम्ही आत्ता जे मान्य केलेत ते तुम्हांस बांधते काय, हे पुढील आठवड्यापर्यंत लिहून आणा. सत्राच्या मध्यावर ज्यांची अठरा वर्षे पुरी होतील, त्यांना या प्रश्नाचे मोल अधिकच कळेल.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचा मी शत्रू नाही. धनादेश न वटल्यास बँकेकडून ते कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांची मुदत, ती संपल्यावर एका महिन्यात फिर्याद, असा जो मुदतींचा हिशेब परक्राम्य संलेख कायद्याच्या 138 व्या कलमात व त्यालगत आहे, तो तारखा बदलून दहा वेळा घोटून घेण्यास यंत्रासारखा शिक्षक नाही. भागीदारीची नोंदणी न केल्यास पेढीला करारावरून बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही, हा भागीदारी कायद्याच्या 69 व्या कलमाचा दंडकही तसाच पक्का करून घ्यावा. परंतु ‘स्वयम्’च्या रचनेत दृश्यपाठ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा अशी जी चार अंगे सांगितली आहेत, त्यांतील चौथे अंग बहुधा उपाशी राहते, आणि कायद्याच्या विषयात नेमके तेच मुख्य अन्न आहे.

यासाठी वेळ कोठून आणावा, असे आपण विचाराल. कंपनी कायद्याची 470 कलमे पहिल्या ओळखीत कोंबण्याचा अट्टहास सोडावा, त्यांना पुढील वर्षे आहेत. त्याऐवजी नोकरीचे पहिले नियुक्तिपत्र वाचण्यास शिकवावे. कल्याण येथील सेंच्युरी या कंपनीच्या कारखान्यातील नोकर पाच वर्षांचा करार मोडून प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, आणि 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने करारकालापुरता त्याला केलेला मज्जाव कायम ठेवला. उलट नोकरी संपल्यानंतरही अमुक काळ त्याच धंद्यात शिरू नये ही अट करार कायद्याच्या 27 व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सही करणाऱ्या मुलामुलींना हा भेद ठाऊक नसणे, हे आपल्या अध्यापनाचे अपयश आहे.

म्हणून मी वाणिज्य आणि विधी अध्यापकांच्या या परिषदेपुढे एक ठराव मांडतो आणि आपण तो स्वीकारावा अशी आग्रहाची विनंती करतो. व्यापारी कायद्याच्या कोणत्याही प्रास्ताविक ऑनलाइन अभ्यासक्रमात निम्म्याहून अधिक गुण लेखी, सकारण निर्णयांना असावेत; प्रत्येक चाळीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक नेमावा आणि त्याने प्रत्येक उत्तरावर स्वतः शेरा लिहावा; वाचनसाहित्य मराठीतही असावे; आणि अध्यापकाच्या या कामाची गणना त्याच्या तासिकांत व्हावी. संस्थाचालक येथे उपस्थित आहेत. शेवटच्या कलमास पैसा लागेल, हे मी जाणतो, आणि तो त्यांनी द्यावा, असे माझे त्यांना स्पष्ट सांगणे आहे.