ऊती अभियांत्रिकी : विणकरांच्या नगरीला जवळचे शास्त्र



सोलापूर हे विणकरांचे गाव आहे, हे सोलापूरकरांस निराळे सांगावयास नको. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग आणले, पुढे यंत्रमाग चालविले आणि सोलापुरी चादर घरोघर पोहोचली. मोठ्या गिरण्यांचा काळ सरला, तरी मागाचा आवाज या शहरात अजून ऐकू येतो. अशा गावात वैद्यकाच्या एका नव्या शाखेची ओळख करून द्यावयाची, तर ती धाग्यापासून सुरू करणे सोयीचे ठरेल. ही शाखा म्हणजे ऊती अभियांत्रिकी.

समान पेशींचा समूह म्हणजे ऊती, ही व्याख्या शाळेतील विद्यार्थी पाठ करतात. या शब्दाचे मूळ मात्र विणण्यात आहे. संस्कृतात 'ऊत' म्हणजे विणलेले. रोजच्या बोलण्यातील 'ओतप्रोत' हा शब्द त्याच कुळातला. उभ्या-आडव्या धाग्यांनी एकमेकांत गुंतलेले, असा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीतील 'टिश्यू' हा शब्दही विणलेल्या वस्त्राच्या फ्रेंच नावावरून आला. १८०० च्या सुमारास बिशा या फ्रेंच वैद्याने शरीरातील एकवीस प्रकारच्या ऊतींचे वर्णन केले. शरीर हे एक वस्त्र आहे, ही कल्पना अशा रीतीने पूर्वेस आणि पश्चिमेस दोन्हीकडे रुजलेली दिसते. हे वस्त्र फाटले, तर ते पुन्हा विणता येईल काय, हाच ऊती अभियांत्रिकीचा प्रश्न आहे.

परांचीचे तत्त्व

बोटास लहानशी जखम झाली, तर ती आपोआप भरून येते. कडेच्या पेशी वाढतात, सरकत सरकत मध्ये येतात आणि त्वचेचा थर पुन्हा सांधला जातो. परंतु खोल भाजलेल्या जखमेत त्वचेचा आतला थरच जळून गेलेला असतो. पेशींना पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. उघड्या जखमेतून शरीरातील पाणी पाझरत राहते, जंतूंना मोकळी वाट मिळते आणि भाजल्यानंतर पहिल्या काही दिवसांत वाचलेला रुग्णही पुढे जंतुसंसर्गाने दगावतो. हाडाचा मोठा तुकडा निघून गेला, तर तेथेही हीच अडचण उभी राहते. दोन्ही टोके जिवंत असतात. पण मधली दरी ओलांडण्यास पूल नसतो.

गवंडी उंच भिंत बांधताना आधी बांबूची परांची उभी करतो. भिंत पुरी झाली की परांची उतरविली जाते. पेशींसाठीही अशीच परांची उभारावयाची, हे या शास्त्राचे मूलतत्त्व आहे. इंग्रजीत तिला स्कॅफोल्ड म्हणतात आणि ती ज्या पदार्थाची करतात, त्यास जैवपदार्थ म्हणतात. ही परांची काढून घेण्यास कोणी गवंडी येणार नसतो. तिने आपले काम संपताच स्वतःच विरघळून जावयाचे असते.

म्हणून तिच्याकडून चार गोष्टींची अपेक्षा केली जाते. ती पेशींना विषारी असता कामा नये. तिच्यात एकमेकांस जोडलेली छिद्रे असावीत, म्हणजे पेशी व रक्तवाहिन्या आत शिरू शकतील. हाडासाठी ही छिद्रे साधारणपणे शंभर ते काहीशे मायक्रॉनांची लागतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिला त्या त्या अवयवाला साजेशी ताकद हवी. आणि नवी ऊती ज्या वेगाने तयार होईल, त्याच वेगाने तिने विरून जावे. लवकर विरली तर अर्धे बांधकाम कोसळते. फार काळ राहिली तर शरीर तिला परके समजून भोवती सूज व कठीण व्रण निर्माण करते. धाग्याची जाडी, विणीची घट्टी आणि कापडाचा ताण यांचा मेळ घालणाऱ्या कारागिरास या अडचणीचे मर्म सहज उमगेल.

पुण्याच्या नाकापासून बोस्टनच्या त्वचेपर्यंत

या विचाराची एक जुनी खूण महाराष्ट्रातच सापडते. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठी गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यातील एका कुशल कारागिराने त्याचे नाक नव्याने घडविले. त्याने प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचा नाकाच्या आकाराचा साचा केला, तो कपाळावर पसरून त्याभोवती रेघ आखली, तेवढी कातडी उचलली आणि भुवयांमधील भाग अखंड ठेवून ती खाली वळवून बसविली. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली छापून आली. ती अभ्यासून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आकार आधी ठरवावा, त्यात जिवंत कातडी बसवावी आणि तिचा रक्तपुरवठा तुटू देऊ नये, हे तिन्ही नियम त्या पुणेरी हाताला ठाऊक होते.

विसाव्या शतकात कापड थेट शस्त्रक्रियागृहात आले. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉ. व्हुऱ्हीस यांनी कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी रोहिणीच्या जागी वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्या कापडाच्या छिद्रांत शरीराने स्वतःचा थर भरून घेतला. नंतर डॉ. डिबेकी यांनी डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या आणि पुढे अशा नळ्या विणण्याची यंत्रे वस्त्रतंत्रज्ञांनी तयार केली. आपल्या देशात तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडविलेली हृदयाची झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविली गेली. तिची कडाही पॉलिएस्टर कापडाचीच आहे, कारण टाका कापडालाच घालता येतो.

ही कापडे शरीरात कायमची राहतात. विरघळणाऱ्या परांचीचे मोठे उदाहरण १९८१ मध्ये बोस्टनमध्ये पुढे आले. शल्यविशारद जॉन बर्क आणि अभियंते आयोनिस यानास यांनी गाईच्या कोलॅजन प्रथिनात शार्क माशाच्या कूर्चेतील द्रव्य मिसळून सच्छिद्र पापुद्रा तयार केला आणि त्यावर सिलिकोनचा पातळ थर दिला. भाजलेल्या जागी तो बसविल्यावर रुग्णाच्या पेशी व रक्तवाहिन्या खालून आत शिरल्या आणि पापुद्रा हळूहळू विरून त्या जागी त्वचेचा आतला थर तयार झाला. मग सिलिकोन काढून रुग्णाच्याच त्वचेचा अत्यंत पातळ थर वर लावावयाचा. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांच्या लेखाने 'ऊती अभियांत्रिकी' हे नाव सर्वत्र रूढ झाले. २००६ मध्ये डॉ. अटाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या स्वतःच्या पेशी परांचीवर वाढवून मूत्राशयाचा भाग घडविल्याचे प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रातील कार्य

ही सर्व प्रगती परदेशातच झाली, असा समज होऊ नये. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात १९७४ मध्ये 'आयसोमेड' हा प्रकल्प सुरू झाला. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्याची सोय त्यामुळे झाली. तिचा आधार घेऊन टाटा स्मारक रुग्णालयाने १९८८ मध्ये ऊती पेढी उभारली. बाळंतपणानंतर टाकून दिले जाणारे गर्भवेष्टन तेथे धुऊन, वाळवून व किरणांनी निर्जंतुक करून जखमेवर पांघरण्यासाठी दिले जाऊ लागले. दान मिळालेल्या हाडांवरही प्रक्रिया होऊ लागली.

मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरून त्याचा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. साल जखम ओलसर ठेवते आणि पट्टी काढताना नवी कातडी सोलून निघत नाही. ही पट्टी रुग्णालयात निर्जंतुक करून वापरावयाची असते. घरी करावयाचा तो उपाय नव्हे. परंतु गरीब रुग्णाला परवडेल असे जैवपदार्थ शोधण्याची दृष्टी या प्रयोगात दिसते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाकडे लक्ष वळविले. कोषाच्या धाग्यात फायब्रॉइन हे बळकट प्रथिन असते आणि त्याभोवती सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. सौम्य क्षाराच्या गरम पाण्यात हा डिंक काढून टाकला की उरलेले फायब्रॉइन शरीर चांगले सहन करते. ते विरघळवून त्यापासून पापुद्रे, स्पंजासारखे सच्छिद्र तुकडे किंवा कण तयार करता येतात आणि हाडातील पोकळीत भरता येतात. या संशोधनातून पुण्यात सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. विशेष असे की, या कामासाठी कोषाचा धागा अखंड उलगडावा लागत नाही. पतंग बाहेर पडल्याने भोक पडलेला कोष रेशीम काढणाऱ्यास निरुपयोगी वाटतो. पण फायब्रॉइन त्यातही तेवढेच असते. सोलापूर जिल्ह्यातील तुतीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मर्यादा आणि सावधगिरी

या शास्त्राच्या नावाने भलत्या आशा मात्र दाखविल्या जाऊ नयेत. बहुतेक पेशींना जगण्यासाठी सूक्ष्म रक्तवाहिनी शंभर-दोनशे मायक्रॉनांच्या आत असावी लागते. त्वचा किंवा कूर्चा पातळ असल्याने तेथे यश लवकर आले. यकृत, मूत्रपिंड यांसारखे जाड अवयव प्रयोगशाळेत घडवून रुग्णास बसविणे अद्याप साधलेले नाही. स्वीडनमध्ये २०११ पासून पाओलो माक्यारिनी या शल्यविशारदाने प्लॅस्टिकच्या श्वासनलिकेवर पेशी पेरून ती रुग्णांना बसविली. पुरेशी पूर्वपरीक्षा झालेली नव्हती. तेथील तिन्ही रुग्ण पुढे दगावले आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला कारावासाची शिक्षा सुनावली. परांची चुकली, तर भिंत पडते. येथे माणूस पडतो.

आपल्याकडे मूळपेशींच्या नावाने गुडघेदुखीपासून मतिमंदत्वापर्यंत सर्व काही बरे करण्याच्या जाहिराती आढळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसाठी केले जाणारे मूळपेशींचे रोपण हाच मान्य उपचार असून, बाकीचे उपयोग संशोधनाच्या कक्षेत येतात. संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. जमीन गहाण टाकून अशा उपचारांस निघालेल्या कुटुंबास ही एक ओळ वेळेवर सांगणारा ग्रामसेवक किंवा शिक्षक मोठे काम करील.

गावाच्या हाती काय आहे?

प्रयोगशाळा गावात नसली, तरी गावाच्या हाती पुष्कळ आहे. पहिली गोष्ट प्रथमोपचाराची. भाजल्यावर ती जागा वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. तूप, शाई, टूथपेस्ट लावू नये. जखम जितकी उथळ राहील, तितकी पुढची परांची लहान लागेल.

दुसरी गोष्ट त्वचादानाची. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली; ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स केंद्राची पेढी २००९ मध्ये आली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरून त्वचेचा अगदी पातळ थर घेतला जातो. त्यास साधारण पाऊण तास लागतो. रक्तस्राव होत नाही, चेहऱ्यास हात लावला जात नाही, आणि पट्टी बांधून देह अंत्यसंस्कारासाठी परत दिला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही. अठरा वर्षांवरील व्यक्तीची त्वचा चालते. कावीळ बी व सी, एचआयव्ही, त्वचेचा कर्करोग यांसारखे आजार मात्र नसावेत. ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. रुग्णाच्या अंगावर ती काही आठवडेच राहते, नंतर शरीर तिचा त्याग करते. पण तेवढ्या अवधीत पाणी पाझरणे थांबते, जंतू अडतात आणि रुग्णाची स्वतःची त्वचा लावण्याजोगी जखम तयार होते. ते उसने वस्त्र असते. थंडीची रात्र निभावण्यास तेवढे पुरते.

येथे अंतराचा प्रश्न कळीचा आहे. मुंबई सोलापूरपासून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. पथक बाहेरून यावयाचे असेल, तर सहा तासांची मुदत प्रवासातच संपेल. म्हणून त्वचा घेण्याचे प्रशिक्षण लाभलेले पथक जिल्ह्याच्या ठिकाणी सज्ज असणे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असणे, या दोन गोष्टी साधल्या तरच दानाची इच्छा फळास येईल. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. या सज्जतेचा लाभ त्या सर्वांना होईल. ग्रामसभेत या विषयावर चर्चा घडविणे पंचायत सदस्यांना अवघड नाही. दुःखाच्या घटकेत निर्णय घेणे घरच्यांना जड जाते. आधी बोलणे झालेले असेल, तर तो सोपा होतो.

तिसरी गोष्ट उद्योगाची. केंद्र शासनाने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. वैद्यकीय वस्त्रे हा त्यातील एक विभाग आहे. गॉझ, पट्ट्या, शस्त्रक्रियेची जाळी येथपासून विरघळणाऱ्या धाग्यांच्या विणीपर्यंत ही वाट जाते. निर्जंतुकतेची शिस्त आणि प्रत्येक तुकड्याची नोंद या दोन सवयी मागावर आणाव्या लागतील. हाताचे कौशल्य नव्याने आणावे लागणार नाही.

माणसाचे शरीर आपले वस्त्र स्वतःच विणते. विज्ञानाने त्याला द्यावयाचा तो ताणा, थोडी सावली आणि थोडा वेळ. मागावरचे कापड पुरे झाले की विणकर ते कापून दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, हा रिवाज या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. देहाच्या वस्त्राबाबतही तो रूढ होण्यास प्रत्येक गावातील एका घरात आज त्याविषयी बोलणे झाले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.