सिस्टरच्या हातात काय आहे?

(वर्धा जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

‘प्राथमिक आरोग्यसेवेत परिचारिकेची भूमिका’ असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी भूमिकेवर बोलणार नाही, कामावर बोलणार आहे. 1988 साली मी या जिल्ह्यात एएनएम म्हणून नोकरीला लागले. कागदावर माझे पद आरोग्यसेविकेचे होते, गावाने मला ‘सिस्टरबाई’ केले. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र हा सपाट भागातला सरकारी हिशेब. माझ्याकडे सहा गावे होती. उपकेंद्राला दोन खोल्या होत्या. पावसाळ्यात त्यातली एक गळायची, दुसरीत मी राहायची.

नेमणुकीच्या कागदावर लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, बाळंतपण आणि कुटुंब नियोजन अशी कामे लिहिलेली होती. यातल्या कुटुंब नियोजनाचीच विचारपूस वरून व्हायची. 1996 साली ती टार्गेटं गेली, तोवर मार्च महिना आला की आमची झोप उडायची. पण दारात येणारी बाई आपला आजार कागद बघून आणत नाही. तिला ताप असतो, लेकराला हगवण असते, अंगावर पांढरे जात असते, डोके दुखत असते. डॉक्टर दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे पहिला निर्णय कोणी घ्यायचा? मीच घेत होते, आणि माझ्यासारख्या हजारो जणी घेत होत्या. फक्त त्याला कोणी ‘निर्णय’ म्हणत नव्हते. डॉक्टरांनी केले तर उपचार, सिस्टरने केले तर सेवा!

हा निर्णय कसा असतो ते सांगते. लेकरू खोकत आले की आम्ही घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त असले, तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, झटके येत असतील, तर थांबायचे नाही, दवाखान्यात पाठवायचे. हगवण असेल तर क्षारसंजीवनी आणि चौदा दिवस झिंकची गोळी. डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडले, की पुढे पाठवायचे. यात जादू नाही. पाहायचे, मोजायचे, ठरलेल्या रीतीने औषध द्यायचे आणि आपली हद्द कुठे संपते ते ओळखायचे. ही रीत शिकवता येते. पण ती शिकवावी लागते.

न शिकवल्याने काय होते, तेही सांगते. तो दोष माझा आहे.

माझ्या एका गावात चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी होती. पांढरी फटक, सारखी थकलेली. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिना झाला, दोन झाले, पाच झाले, रक्त काही वाढेना. मी तिलाच रागावले, “तू गोळ्या फेकून देते, खोटं बोलते.” सांधे दुखतात म्हणून ती रडायची. निंदणाला जायचा कंटाळा म्हणून ढोंग करते, असे तिच्या आईला वाटायचे आणि मलाही वाटले. एका रात्री पोटात आणि हातापायांत इतके दुखले की तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले. तिथे कळले, तिला सिकलसेल होता. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर फुटतात. म्हणून रक्त कमी पडते, आणि ते नुसत्या लोहाने भरून येत नाही. विदर्भात हा आजार आहे हे जाणकारांना कितीतरी वर्षे माहीत होते. मला कोणी सांगितले नव्हते. ती मुलगी वाचली. नंतर मी तिची माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “तुमाले तरी कोठं मालूम होतं, बाई.” हे वाक्य मला अजून टोचते.

आता बोटभर रक्त घेऊन सिकलसेलची पहिली चाचणी गावात करता येते. त्यात संशय आला तर पुढची पक्की तपासणी होते. 2023 साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू केली. म्हणून माझ्या तरुण बहिणींना मी सांगते, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर बाईला खोटे ठरवू नका. आपले निदान चुकले का, ते आधी बघा.

दुसरी गोष्ट 1996 च्या पावसाळ्यातली. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण होती. पायावर सूज होती, डोके दुखत होते. माझ्या उपकेंद्रातले बीपीचे यंत्र कित्येक महिने बंद होते. मी दोनदा लेखी मागणी केली होती. रात्री तिला झटके सुरू झाले. बैलगाडीने डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून जीपने. ती रस्त्यातच गेली, पोटातल्या बाळासह.

गरोदरपणातल्या या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे सर्वांत गुणकारी औषध, हे 1995 साली अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीत सिद्ध झाले होते. औषध महाग नाही. पण तेव्हा ते ना माझ्या पेटीत होते, ना माझ्या अधिकारात. 2005 नंतरच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एएनएमला परवानगी मिळाली, की झटके आले तर पहिली मात्रा तिने द्यावी, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि मग दवाखान्यात पाठवावे. मी एकवीस दिवसांचे प्रशिक्षण घेतले तेव्हा ही सुई शिकले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “सोपं आहे ना?” मी हो म्हटले आणि बाहेर जाऊन रडले. जे मला एकवीस दिवसांत शिकवता आले, ते आधी का नाही शिकवले? नर्सला इतके कळणार नाही असेच धरून चालले होते ना?

आपल्या जिल्ह्यात तर उलटा दाखला केव्हाचा आहे. 1951 साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले. डॉ. वारदेकरांनी तिथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन चट्टे तपासायचे, लोकांना समजावायचे आणि डॅप्सोनच्या गोळ्या पोचवायचे. डॉक्टर मागे उभे असायचे, पण रोज्याच्या दारात कार्यकर्ताच जायचा. पुढे सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच वाट धरली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. तिथले बालमृत्यू किती घटले ते 1999 साली ‘लॅन्सेट’ने छापले. म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाला नीट शिकवले, औषध दिले आणि पाठीशी उभे राहिले तर काम होते, हे या मातीत सिद्ध झालेले आहे.

बाहेरच्या देशांत याला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. 1965 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने तिचा पहिला अभ्यासक्रम काढला. 2018 साली कोक्रेन या संस्थेने अठरा चाचण्या एकत्र तपासल्या. प्राथमिक सेवेत नर्सने पाहिलेल्या रोग्यांचा गुण डॉक्टरांनी पाहिलेल्या रोग्यांइतका किंवा काही बाबतींत थोडा चांगला आला, आणि रोगी जास्त समाधानी होते. या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या, आणि तिथल्या नर्सना वरचे शिक्षण मिळालेले असते, हे मी लपवणार नाही. मला तेच म्हणायचे आहे. आधी शिक्षण, मग अधिकार, आणि दोन्ही सोबत.

आपल्याकडे अलीकडे थोडे हलले आहे. उपकेंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले, कुठे आयुर्वेदाचे पदवीधर, कुठे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली, सहा महिन्यांचा जादा अभ्यासक्रम केलेल्या. रक्तदाबाच्या कार्यक्रमासाठी महाराष्ट्रात सुरुवातीला जे चार जिल्हे घेतले, त्यांत सिंधुदुर्ग, सातारा आणि भंडाऱ्यासोबत आपला वर्धा होता. त्याची रीत साधी आहे. बाईला पाच मिनिटे शांत बसवायचे, हात छातीच्या उंचीवर ठेवायचा, दोनदा मोजायचे. दाब 140/90 च्या वर राहिला तर डॉक्टर ठरलेल्या क्रमाने औषध सुरू करतात, बहुधा अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमपासून. पुढे दर महिन्याला मोजणे, कार्डावर लिहिणे, तीस दिवसांच्या गोळ्या देणे आणि न आलेल्या रोग्याला शोधणे, हे काम नर्सचे.

हे किती मोठे काम आहे ते एका बाईमुळे मला कळले. पंचेचाळीस वर्षांची, मजुरी करणारी. दाब 170/100. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत बंद. मी घरी गेले. ती म्हणाली, “गोयीसाठी तिकडं जा, रांगेत बसा, एक दिवसाची मजुरी बुडते. डोस्कं तं दुखत नाई, मंग कायले जाऊ?” बरोबरच होते तिचे. गोळ्या उपकेंद्रात मिळायला लागल्या तशी ती संध्याकाळी वावरातून परतताना येऊ लागली. खारोड्या आणि लोणच्यातल्या मिठावर बोलणे व्हायचे, खर्र्यावर व्हायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला तिच्या दंडाला मी पट्टा बांधला तेव्हा वर काळानिळा वण दिसला. मी काही विचारले नाही. पट्टा सुटल्यावर तीच बोलली.

मैत्रिणींनो, डॉक्टरांच्या रांगेत दोन मिनिटांत ही बाई बोलली नसती. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 सालचा आहे. दवाखान्याने अशा बाईला उपचार नाकारता येत नाहीत असे त्यात आहे. पण कायद्याला पहिला माणूस लागतो, ज्याच्यासमोर तोंड उघडेल. पांढऱ्या पाण्याचेही तसेच. डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या ब्याण्णव बायांना स्त्रीरोग निघाले, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. बाकीच्या गप्प होत्या. उपकेंद्रात एक पडदा, एक टेबल आणि ओळखीची बाई असेल, तर त्यातल्या कितीतरी बोलतील.

काही डॉक्टर म्हणतात, हे अर्धवट डॉक्टर तयार करणे आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात आरोग्य कार्यकर्त्यांना मर्यादित परवाना देण्याचे कलम आले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांची भीती सगळीच खोटी नाही. सहा महिन्यांच्या शिक्षणावर खेड्यातल्या गरिबाला सोडून द्यायचे आणि डॉक्टरच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, असे सरकार करत असेल तर मीही विरोध करीन. नर्स म्हणजे स्वस्तातला डॉक्टर नव्हे. पण माझ्या गावातल्या बाईपुढे नर्स की तज्ज्ञ अशी निवड कधीच नव्हती. सिस्टर, की कशालाही सलाईन लावणारा बोगस डॉक्टर, ही तिची निवड होती. सिस्टरला निदान आपली हद्द ठाऊक असते आणि वर पाठवायची जागा ठाऊक असते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. तुम्ही त्या तुमच्या ग्रामसभेत मांडा.

एक, उपकेंद्रात चालू बीपी यंत्र, रक्त तपासायची सोय आणि ठरलेली औषधे कायम असावीत. दोन, नर्सने काय द्यायचे आणि कधी पुढे पाठवायचे हे लेखी असावे, आणि त्या हद्दीत तिने केलेल्या कामाला कायद्याचे संरक्षण असावे. तीन, दरवर्षी प्रशिक्षण असावे. सभा आणि अहवाल म्हणजे प्रशिक्षण नव्हे. चार, नोकरी पक्की असावी. गावाचा भरवसा अकरा महिन्यांच्या करारावर बसत नाही. पाच, राहायला सुरक्षित खोली आणि आतून लागणारी कडी. एकटी राहणारी सिस्टर रात्री दार उघडताना काय विचार करते, ते बायांना वेगळे सांगायला नको.

ही नर्सच्या पगाराची लढाई आहे असे समजू नका. पगाराचीही आहे, पण तेवढीच नाही. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला माझ्याकडून एक सुई हवी होती. पुढच्या वेळी उपकेंद्रात जाल तेव्हा एवढे करा, सिस्टरला विचारा, “बाई, तुमचे बीपीचे यंत्र चालू आहे का?” नाही म्हणाली, तर मागणीच्या अर्जावर तिची एकटीची सही राहू देऊ नका. तुमचीही करा.