निळ्या रंगाचे उत्तर



वैनगंगेकाठच्या आपल्या बालाघाटात मराठी आणि हिंदी एकाच अंगणात नांदतात. म्हणून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपणांस नवा नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजाची या प्रश्नातून इस्रायलमध्येही सुटका झाली नाही. घरी मराठी बोलणाऱ्या या ज्यूंच्या विवाहांविषयी तेथील धर्मपीठाने १९६२ साली शंका उपस्थित केली. त्यांनी लढा देऊन १९६४ मध्ये ती मागे घ्यावयास लावली. परंतु असा सल पुढील पिढ्यांनाही वारशाने मिळतो.

याच समाजातील, मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या चित्रकर्त्री सिओना बेंजामिन आपल्या स्त्रीप्रतिमा निळ्या रंगवितात. आकाशाचा आणि सागराचा हा रंग कोणत्याही एका देशाचा नव्हे. ज्यांची जात कातडीवरून विचारली गेली, त्यांनी याहून समर्पक उत्तर ते कोणते द्यावे?