मुक्कामापुरतें गांव

समुद्र मागें हटला म्हणून शहरानें आपली जागा सोडावी, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. उत्तर स्वीडनमध्यें, बॉथनियाच्या आखाताच्या माथ्याशीं, तसें घडलें आहे. हिमयुगांत बर्फाच्या भाराखालीं दबलेली तेथली भूमि अद्याप वर्षाला सुमारें ८-९ मिलिमीटर वर येत आहे. १६२१ सालीं स्थापन झालेल्या लुलेओ शहराचें बंदर त्यामुळें उथळ झालें, आणि १६४९ मध्यें शहर समुद्राकडे सरकलें. मागें उरलें तें गामेलस्ताद, म्हणजे जुनें शहर.

तेथें १४९२ सालीं समर्पित झालेलें दगडी चर्च आहे. त्याच्याभोंवतीं ४२४ लांकडी घरें दाटीनें उभीं आहेत. पण बहुतेकांत कायमची वस्ती अशी नाहींच. पूर्वीं उपासनेस हजर राहणें सक्तीचें असे, आणि दूरच्या शेतकऱ्यांना त्याच दिवशीं परतणें अशक्य. म्हणून त्यांनीं मुक्कामापुरतीं हीं घरें बांधलीं. धर्मशाळा नव्हे; ज्याचें घर त्याच्या मालकीचें.

१९९६ पासून हें ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहे. मी गेलों तो बुधवार. दारें बंद, पण खिडक्यांना स्वच्छ पडदे. या घरांत बारमाही राहण्यास आजही मनाई आहे. सणावारीं मालक येऊन राहतात. सारें गांव प्रदर्शन म्हणून मांडणें सोपें होतें, उत्पन्नही झालें असतें. मला मात्र हा हट्ट अधिक मोलाचा वाटतो. पुढच्या सणाला ज्याला तेथें निजावयाचें आहे, तो छप्पर गळूं देत नाहीं. चर्चमधलें, सुमारें १५२० सालीं अँटवर्पला घडविलेलें वेदीवरील कोरीवकाम पाहण्याजोगें आहेच. पण माझा अधिक वेळ गेला तो बाहेर, त्या अरुंद बोळांत.