छपरावरचे ऊन आणि वाहनतळावरची गाडी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या भागात बजाजची चेतक कोणाला ठाऊक नाही? १९७२ साली आलेल्या या पेट्रोलच्या स्कूटरने आकुर्डीचे नाव देशभर नेले. २०१९ साली तीच चेतक विजेवर चालणारी होऊन चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली. जून २०२२ मध्ये आकुर्डीतच विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. गाडी बदलली, आता तिची वीज कोठून आणायची, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर हिंजवडीत दिसते. तेथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील कचेऱ्यांत सकाळी गाड्या येतात आणि संध्याकाळी परततात. नेमके याच वेळात ऊन असते. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवले, तर वीज दुपारी तयार होते. पण कामावर गेलेल्या माणसाची गाडी तेव्हा घरी नसते. कचेरीत मात्र ऊन आणि गाडी एकाच वेळी, एकाच आवारात हजर असतात. म्हणून या दोहोंची सांगड घालण्यास अशी इमारत उत्तम.

विद्यार्थी मित्रांनो, थोडे गणित मांडू. एक किलोवॅटच्या पॅनेलना साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. म्हणजे १,००० चौरस मीटर मोकळ्या छपरावर १०० किलोवॅट, रोज सुमारे ४०० युनिट. विजेची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. रोज ४० किलोमीटर ये-जा करणाऱ्याला सहा-सात युनिट पुरतात. एक छप्पर सुमारे ६० मोटारींचा रोजचा प्रवास भागवू शकते.

परंतु इमारतीतील लिफ्ट आणि वातानुकूलन यंत्रेही तीच वीज मागतात. पावसाळ्यात उत्पादन घटते. तेव्हा महावितरणची तार तोडता येणार नाही. तिच्यावरचा भार मात्र हलका करता येईल. त्यासाठी घाईचे चार्जिंग टाळावे. ६० किलोवॅटचा एकच जलद चार्जर आपल्या छपराची निम्म्याहून अधिक शक्ती खाऊन टाकील. गाडी आठ तास उभीच असेल, तर तीन किलोवॅटचा साधा पॉइंट दोन-अडीच तासांत दिवसाची गरज भागवतो. मग दुसऱ्या गाडीची पाळी.

ही केवळ कल्पना नव्हे. आपल्याच चिखलीत टाटा मोटर्सच्या कारखान्यात जून २०२१ मध्ये टाटा पॉवरने उभारलेल्या ६.२ मेगावॅटच्या सौर वाहनतळाचे उद्घाटन झाले. ३०,००० चौरस मीटरहून अधिक जागेवर पसरलेल्या या छपराखाली गाड्यांना सावली मिळते आणि त्यातून वर्षाला ८६.४ लाख युनिट वीज अपेक्षित धरली आहे. केंद्र सरकारनेही २०१९ साली इमारतींच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय सुचवली.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजवर ज्यांचा संसार चालतो, अशी घरे आपल्यात कमी नाहीत. विजेच्या गाडीला कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही, इंजिन ऑइल बदलणे नाही. बापाच्या हातातील कसब मुलाला जसेच्या तसे पुरणार नाही. पण छपरावर पॅनेल चढवणे, अर्थिंग तपासणे, इन्व्हर्टर व चार्जर दुरुस्त करणे ही कामे येथेच, माणसाच्या हातांनीच होणार आहेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री, सोलर टेक्निशियन आणि इलेक्ट्रिक वाहनाचा मेकॅनिक असे अभ्यासक्रम आहेत. दहावीनंतर मुलाला घाईने कामाला जुंपण्याआधी त्यांची चौकशी करा. मुलींनाही ही दारे उघडी आहेत.

ऊन सर्वांच्या छपरावर सारखेच पडते. त्याची वीज करण्याचे काम मात्र ज्याने तालीम घेतली, त्यालाच मिळेल. हिंजवडीच्या छपरांवर उद्या आपलीही मुले-मुली हातात मीटर घेऊन उभी असावीत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!