सर्पदंशाची लस आणि शेजारी राष्ट्रे
(बोरगाव मेघे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य म्हटले की शिखर परिषदा आणि हस्तांदोलने डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आपल्या शिवारापासून सुरुवात करतो. पऱ्हाटीत कापूस वेचणारी बाई, सोयाबीन सोंगणारा मजूर, वीज रात्री मिळते म्हणून रात्री ओलितास जाणारा शेतकरी. साप चावतो तो यांना. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मरणारे बहुतेक खेड्यांतले आणि गरीब असल्यामुळे या आकड्याने राजधानीत कोणाची झोप उडत नाही.

लस कशी होते ते पाहा. घोड्याला सापाचे विष अल्प मात्रेत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांनी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस अशीच बनविली. परंतु ज्या विषावर ती बनली, त्यावरच ती भरवशाने चालते. आपल्याकडे हे विष मुख्यत्वे चेन्नईजवळील इरुळा आदिवासींच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. (औषध कंपन्यांच्या नफ्याखाली आदिवासींचे हे कसब आहे, हेही विसरू नये.) आणि एकाच जातीच्या सापाचे विषसुद्धा प्रदेशागणिक बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

आता सीमेपलीकडे पाहू. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका ही राष्ट्रे वर्षानुवर्षे भारतीय लसच वापरत आली. श्रीलंकेत उंच नाकाडाच्या एका लहान विषारी सापाचे दंश फार होतात. त्यावर आपली लस चालत नाही, कारण तिच्यात त्याचे विषच नाही. मग पेरादेनिया विद्यापीठातील संशोधकांनी काय करावे? ते आपल्याकडे नव्हे, तर दूरच्या कोस्टारिकाकडे वळले. तेथील विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेबरोबर त्यांनी श्रीलंकेच्या सापांवर नवी लस सिद्ध केली व २०१६ साली तिच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. कोस्टारिका हे लहानसे, विकसनशील राष्ट्र. त्याचे मी मनापासून अभिनंदन करतो. मात्र रामेश्वरच्या पलीकडच्या शेजाऱ्याला अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. आपण शेजाऱ्यांना लस विकली; संशोधनात भागीदार मात्र केले नाही.

यात उपकाराचा प्रश्न नाही. घोणस ढाक्यालाही आहे आणि वर्ध्यालाही. चितगावला वैद्यक महाविद्यालयात विषसंशोधन केंद्र उभे राहिले आहे. तेथील नमुने, आपल्याकडील नमुने आणि नेपाळच्या तराईतील उपचारांचा अनुभव एकत्र आला, तर आपल्याही लसीतील उणिवा उघड होतील. १९८५ साली स्थापन झालेल्या सार्कने क्षयरोगासाठी नेपाळात केंद्र काढले. सर्पदंशासाठी का नाही? २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. प्रयोगशाळांना परराष्ट्रमंत्र्यांच्या रुसव्याफुगव्यांची वाट पाहायला लावू नये. विषाचे सामाईक भांडार असावे, निष्कर्ष सर्वांना खुले असावेत आणि लस सार्वजनिक संस्थांनी बनवावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर आपण एक काम हाती घेऊ. आपापल्या गावातील प्रत्येक दंशाची वही ठेवा : कोठे चावला, किती वाजता, दवाखाना गाठायला किती वेळ लागला, लसीच्या किती कुप्या लागल्या. साप पकडायला अगर मारायला जाऊ नका. रोग्याला आधी दवाखान्यात न्या.