फुकट तोडलेलं झाड आम्हाला केवढ्याला पडलं

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

एसटीत खिडकीशी बसून ऐकणारे, भांडी घासता घासता ऐकणारे, झोप येत नाही म्हणून ऐकणारे, सगळ्यांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. मुलगा साताऱ्याचा आहे, नोकरीला पुण्यात. तो म्हणतो, "ताई, घरी आई-बाबा दोघंच असतात. घराला चिकटून मोठं झाड आहे, वळवाचा वारा सुटला की आईला झोप लागत नाही. तोडायला किती खर्च येतो? एक आकडा सांग, मी गुगल पे करून टाकतो."

दादा, एक आकडा मी सांगू शकत नाही. का नाही, ते दोन झाडांवरून सांगते. एक आमच्या साताऱ्याच्या घरचं आणि दुसरं सांगलीला मामाच्या परसातलं. आणि शेवटी आकडा काढायचा कसा, तेही सांगते.

पहिलं झाड, साताऱ्याचं

आमच्या घराच्या मागं सिल्व्हर ओक होता. सरळसोट, दुमजली घराच्या वर गेलेला. एका बाजूला आमची कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्यांच्या घरात जाणारी विजेची वायर. बाबांनी दोघातिघांना विचारलं. एक वखारीचा माणूस म्हणाला, "काका, पैसे कशाला? फुकट तोडून देतो, लाकूड तेवढं माझं." बाबा खूश. आम्हीही खूश. परवानगी लागते हे आम्हाला माहीतच नव्हतं. आज हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

सकाळी दोन माणसं आली. एकजण अनवाणी वर चढला. कमरेला एक साधी दोरी, डोक्यावर काही नाही. खाली एकजण. शेंडा कापला तो ठरलेल्या बाजूला पडलाच नाही. फिरला, भिंतीवर आदळला आणि जाताना वर बसलेल्या माणसाच्या दोरीला हिसका देऊन गेला. तो दहा-बारा फुटांवरून खाली आला.

जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. बिल झालं ६८,०००. वखारवाल्यानं फोन उचलायचं बंद केलं. बाबांनी ४०,००० दिले, बाकीचे त्या दादाच्या भावकीनं कुठून कुठून उभे केले. भिंत बांधायला ११,००० गेले. म्हणजे आमचं फुकटचं झाड ५१,००० ला पडलं. आणि तो दादा चार महिने घरी बसला, त्याचा हिशेब कुणी केलाच नाही. आईनं महिनाभर त्यांच्याकडं डबा पाठवला. पण डब्यानं काय होतंय?

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. झाड तोडायच्या कामात धोका असतोच. प्रश्न एवढाच की तो कुणाच्या अंगावर टाकलाय. दर स्वस्त असेल तर बहुतेक वेळा तो वर चढलेल्या माणसाच्या अंगावर टाकलेला असतो.

दुसरं झाड, सांगलीचं

आता मामाकडं येऊ. विश्रामबागेत घर, परसात आंबा. आजोबांनी घर बांधलं तेव्हा लावलेला, ३८ वर्षांचा. एक जाड फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आलेली आणि तिच्या सांध्यात चीर. मामा म्हणाला, "तोडूनच टाकू, कटकट नको." मी म्हटलं, "मामा, थांब. या वेळी नीट विचारू."

तिघांना बोलावलं. पहिला म्हणाला, फुकट, लाकूड माझं. (मी मनात म्हटलं, नमस्कार!) दुसरा म्हणाला ९,०००. तिसरा म्हणाला २२,०००. झाड एकच, आकडे तीन. मामा तिसऱ्यावर चिडला. मी त्या तिसऱ्या काकांना म्हटलं, "काका, एवढे कशाचे, जरा फोडून सांगा ना." त्यांनी बसून, चहा घेत घेत सांगितलं. लिहून घ्या.

वर चढून कापणारा कारागीर, दोन दिवस, रोज २,०००. झाले ४,०००.
खाली दोर धरायला आणि फांद्या ओढायला तीन माणसं, दोन दिवस, प्रत्येकी ८००. झाले ४,८००.
कटर मशीन, पेट्रोल-ऑइल आणि चेन धरून, दोन दिवसांचे २,४००.
बुंध्याचे जड ओंडके उचलायला हायड्रा, अर्धा दिवस, ५,०००.
ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा, ३,०००.
एकूण १९,२००. वरचे २,८०० काकांचे, म्हणजे त्यांची मेहनत आणि जबाबदारी.

मग ९,००० वाल्याला फोन लावला. त्याच्या आकड्यात तीन माणसं, एक दिवस. हायड्रा नाही, ट्रॉली नाही. फांद्या दोराला बांधून हळूहळू खाली सोडणं नाही, कापायच्या आणि पडू द्यायच्या. खाली मामीचं स्वयंपाकघर! आणि सगळा पाला तिथंच टाकून जाणार. म्हणजे तो स्वस्त नव्हता, तो अर्धंच काम सांगत होता.

हे आकडे मामाच्या झाडाचे आहेत हं, बाजारभाव म्हणून कुणाच्या तोंडावर फेकू नका. तुमच्याकडं वेगळे निघतील. पण फोड हीच राहते: माणसं, मशीन, उचलायचं वाहन, न्यायचं वाहन, जबाबदारी. तेच झाड मोकळ्या रानात असतं तर एका दिवसात आडवं झालं असतं आणि लाकडाचे उलट पैसे मिळाले असते. आपण झाड कापायचे पैसे देत नाही, ते पत्र्यावर, वायरवर आणि माणसावर पडू नये याचे देतो.

आकड्यात न दिसणारा खर्च

आता कायदा. कंटाळू नका, इथं खरे पैसे आहेत. शहरात आपल्याकडं १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करणारा कायदा लागू आहे. झाड तुमच्या जागेत असलं, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं, तरी परवानगी लागते. सांगली, मिरज, कुपवाडला महापालिकेत, साताऱ्यात नगरपालिकेत वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. ते येऊन झाड बघतात. तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवतात. आणि या कायद्यात 'तोडणे' म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नाही, झाड जाळणं किंवा कसलीही इजा करणं हेही त्यात येतं. म्हणून मोठी छाटणी असेल तरी आधी विचारा.

२०२१ मध्ये या कायद्यात बदल झाले. ५० वर्षं आणि त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष धरतात. विनापरवाना तोडलं तर दंड झाडामागं एक लाखापर्यंत जाऊ शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोडायची परवानगी मिळाली तर त्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवीन झाडं लावायची. रोपं बोटभर चालत नाहीत, सहा ते आठ फुटांची लागतात, आणि सात वर्षं जगवायची.

आता मामाचा हिशेब करा. ३८ वर्षांचा आंबा, म्हणजे ३८ झाडं. रोपं, खड्डे, कुंपणाच्या जाळ्या, उन्हाळ्याचं पाणी. मामा म्हणाला, "अगं, हे २२,००० पेक्षा जास्त जातंय की!" जातंयच.

गावाकडं घर असेल तर नियम वेगळा, तिथं १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा येतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, मोह, खैर, चंदन, अशी काही झाडं त्याच्या यादीत आहेत. ती आपल्या बांधावरची असली तरी आधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा.

काहींना वाटेल, एका झाडासाठी एवढं काय? सांगली जिल्ह्यातच भोसे गाव आहे. तिथल्या सुमारे ४०० वर्षांच्या वडासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि महामार्गाची आखणी बदलावी लागली. आपला परसातला आंबा काही तेवढा मोठा नाही. पण तो जितका जुना, तितकी तो गेल्यावरची भरपाई महाग, एवढं या नव्या नियमानं कागदावर आणलं.

उलट बाजूही सांगते. हिरवं दिसतं म्हणजे झाड धडधाकट आहे असं नाही. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला नारळाचं झाड कोसळून सकाळी रस्त्यानं चाललेल्या एका बाईंचा जीव गेला. म्हणून आईला झोप येत नसेल तर "काही होत नाही गं" म्हणून सोडून देऊ नका. हे बघा: बुंध्याशी अळंबी उगवलीय का? खोड ठोकल्यावर पोकळ वाजतंय का? झाड नव्यानं एका बाजूला कललंय का? मुळाशी माती फुगलीय किंवा भेगाळलीय का? पेव्हर ब्लॉक अगदी खोडापर्यंत भिडवलेत का? कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हे जास्त बघा, पावसात ती लोण्यासारखी होते.

मग मामाच्या आंब्याचं काय झालं?

अर्ज केला. अधिकारी आले, झाड बघितलं. म्हणाले, झाड निरोगी आहे, तोडायची गरज नाही. पत्र्यावरची चिरलेली फांदी आणि दोन वाळलेल्या फांद्या काढा. त्या २२,००० वाल्या काकांनाच बोलावलं. एक दिवस, चार माणसं, दोर लावून फांद्या खाली सोडल्या. हायड्रा लागला नाही. बिल ७,५००. आंबा उभा आहे, यंदा मामीनं लोणचं घातलं.

फांदी कापायची पद्धतही बघून ठेवा. जाड फांदी आधी खालून थोडी कापतात, मग जरा पुढून वरून, आणि उरलेला तुकडा शेवटी खोडाजवळच्या फुगवट्याबाहेर. असं केलं की साल सोलत खाली जात नाही. कुणी म्हणालं, "वरून सगळं बोडकं करून टाकतो, दोन वर्षं बघायला नको," तर नको म्हणा. बोडक्या झाडाला भराभर फुटवे येतात, त्यांचा सांधा कच्चा असतो आणि पुढच्या वळवात तेच मोडतात. म्हणजे पुन्हा खर्च.

फोनवर विचारायचे प्रश्न

फोटोवर दर सांगणाऱ्याला काम देऊ नका. येऊन बघू दे. मग विचारा: माणसं किती, दिवस किती? फांद्या दोरानं सोडणार की पाडणार? पाला आणि लाकूड कोण नेणार? लाकूड तुम्ही नेणार असाल तर त्याचे पैसे बिलातून किती कमी? बुंधा जमिनीबरोबर कापणार की मुळासकट काढणार? ते काम वेगळं, दरही वेगळा. भिंत, पत्रा फुटला तर कोण देणार? हे सगळं व्हॉट्सअपवर लिहून घ्या, तेवढं लिखापढीला पुरतं.

वायर जवळ असेल तर आधी महावितरणला कळवा, १९१२ वर. लाइन बंद केल्याशिवाय कुणाला वर चढू देऊ नका, तो स्वतः "चालतंय" म्हणाला तरी.

वेळही बघा. मे महिन्यात सगळ्यांनाच झाड आठवतं, तेव्हा चांगले कारागीर मिळत नाहीत आणि दर चढतो. ऊस हंगामात आपल्याकडं ट्रॉल्या कारखान्यांना लागलेल्या असतात. त्यामुळं अर्ज आधीच टाका, घाईचे पैसे वाचतात.

घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. २०२१ पासून विमा कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आहे. वादळानं किंवा झाड पडून घराचं झालेलं नुकसान त्यात बसतं.

आणि शेवटचा प्रश्न, जो आम्ही साताऱ्यात विचारला नाही. "दादा, वर चढणाऱ्याचा विमा आहे का?" परदेशात झाडाचं काम करणारी कंपनी विम्याचा कागद आधी दाखवते. आपल्याकडं तसा कागद क्वचित असतो. पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत खातं हवं, वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. दवाखान्याचं बिल यातून मिळत नाही, आमच्याकडं पडलेल्या दादाच्या रॉडला याचा उपयोग झाला नसता. पण तो वाचला नसता, तर त्याच्या घरच्यांच्या हातात काहीतरी आलं असतं. त्या दिवशी त्याच्याकडं तेही नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

मामाकडं काम सुरू व्हायच्या आधी मी काकांना हा प्रश्न विचारला. चारपैकी दोघांचा विमा होता. बाकी दोघांना मामानं चहाच्या आधी बँकेत पाठवलं. ४० रुपये मामानंच दिले. काम दीड तास उशिरा सुरू झालं, त्यावर मामा दिवसभर कुरकुरला. कुरकुरू दे.

तर दादा, पुण्याहून गुगल पे करायच्या आधी एकदा शनिवार-रविवार गावाकडं ये. झाडाखाली उभा राहा, वर बघ, अर्ज टाक, तिघांना बोलाव. आणि आईला सांग, आता बघतोय म्हणून. अर्धी झोप तर तेवढ्यानंच लागेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!